थायरॉइड कूर्चेवरील दोन जागा : स्वरयंत्राच्या कर्करोगातील एक प्रकरण

स्वरयंत्राच्या कर्करोगात सीटी स्कॅन आणि एमआरआय यांच्याकडून एका प्रश्नाचे उत्तर फार निकडीने मागितले जाते. गाठ स्वरयंत्राचा सांगाडा बनवणाऱ्या कूर्चेत शिरली आहे का, आणि शिरली असेल तर ती कूर्चा ओलांडून बाहेर पडली आहे का? रुग्णाचे स्वरयंत्र राखायचे की काढायचे, हे पुष्कळदा या उत्तरावर ठरते. पुढे मांडलेले प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. रेडिओलॉजीच्या कामात वारंवार समोर येणाऱ्या बाबी मी एका रुग्णाच्या रूपाने एकत्र आणल्या आहेत, म्हणजे कोणाची ओळख उघड होणार नाही आणि तरीही निर्णय कोणत्या क्रमाने झाला ते सलग पाहता येईल. वर्गीकरणे, चाचण्या आणि त्यांचे आकडे मात्र प्रकाशित झालेले आहेत.

रुग्ण आणि प्रश्न

रुग्ण ६१ वर्षांचे, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले आणि सातारा जिल्ह्यातील एका गावी राहणारे गृहस्थ होते. विशीत लागलेली विडी त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नव्हती. आठ महिन्यांपासून त्यांचा आवाज घोगरा झाला होता. या काळात त्यांना आधी सर्दीची, मग आम्लपित्ताची औषधे मिळाली, पण स्वरयंत्र दुर्बिणीतून कोणी पाहिले नव्हते. विडी किंवा सिगारेट ओढणाऱ्या माणसाचा घसा तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीची तपासणी व्हायलाच हवी. ही तपासणी काही मिनिटांत होते, आणि ती वेळेवर झाली असती तर या प्रकरणातील पुढचे बरेचसे प्रश्न कदाचित उभेच राहिले नसते.

दुर्बिणीत डाव्या स्वरतंतूवर खडबडीत गाठ दिसली. ती पुढे दोन्ही स्वरतंतू जिथे एकत्र येतात त्या अग्रसंधीपर्यंत पोहोचली होती आणि तिथून थोडी खाली उतरली होती. डावा स्वरतंतू हलत नव्हता. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असल्याचे निष्पन्न झाले. श्वास मोकळा होता, गिळताना त्रास नव्हता आणि मानेत हाताला गाठ लागत नव्हती.

गाठ कुठवर पसरली आहे हे टी-१ ते टी-४ अशा पायऱ्यांनी सांगतात. स्वरतंतू जखडलेला असल्यामुळे रोग किमान टी-३ पायरीचा होता, हे दुर्बिणीनेच सांगितले. त्यापुढचे उत्तर दुर्बीण देऊ शकत नव्हती. कर्करोगाच्या पायऱ्या ठरवणाऱ्या अमेरिकन जॉइंट कमिटीच्या, २०१८ पासून वापरात असलेल्या आठव्या आवृत्तीनुसार थायरॉइड कूर्चेचे केवळ आतले कवच झिजले असेल तर रोग टी-३ मध्येच राहतो. गाठ बाहेरचे कवच भेदून गेली असेल, किंवा स्वरयंत्राबाहेरच्या ऊतींत पोहोचली असेल, तर तो टी-४ए होतो. (ही कूर्चा म्हणजे घाटीवर बोट ठेवल्यावर हाताला लागते ती; तिच्याखाली असलेली थायरॉइड ग्रंथी वेगळी.) आतल्या आणि बाहेरच्या कवचात अंतर असते काही मिलिमीटरांचेच.

या काही मिलिमीटरांना एवढे महत्त्व येण्याचे कारण उपचारांच्या इतिहासात आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ३३२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत आधी केमोथेरपी आणि नंतर रेडिएशन दिलेल्या गटातील ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचले, आणि दोन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण हा गट आणि स्वरयंत्र काढून रेडिएशन दिलेला गट अशा दोन्ही गटांत सारखेच, ६८ टक्के, राहिले. मात्र टी-४ पायरीच्या रुग्णांपैकी ५६ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र पुढे काढावेच लागले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आरटीओजी ९१-११ या चाचणीत केमो आणि रेडिएशन एकाच वेळी देण्याची पद्धत स्वरयंत्र राखण्यात सरस ठरली. मात्र कूर्चा भेदून गेलेल्या मोठ्या गाठींचे रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते. त्यामुळे टी-३ असेल तर सहसा केमो-रेडिएशन आणि कूर्चा ओलांडलेला टी-४ए असेल तर संपूर्ण स्वरयंत्र काढून नंतर रेडिएशन, अशी विभागणी सर्वत्र रूढ झाली आहे. चुकून टी-४ए म्हटले तर राखता आले असते असे स्वरयंत्र जाते. चुकून टी-३ म्हटले तर सात आठवड्यांच्या कष्टप्रद उपचारानंतर रोग उरतो, आणि मग रेडिएशन झालेल्या, जखम नीट न भरणाऱ्या गळ्यावर तीच शस्त्रक्रिया करावी लागते.

पहिला रिपोर्ट

रुग्णाने बरोबर आणलेल्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टचा शेवट "डाव्या थायरॉइड कूर्चेत स्क्लेरोसिस, कूर्चेचे अतिक्रमण, टी-४ए" असा होता. पुढच्या मध्यरेषेजवळचा भाग "हाड न बनलेली नैसर्गिक कूर्चा" म्हणून नोंदवला होता. ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या, बैठकीत सर्जन हा रिपोर्ट प्रमाण मानून शस्त्रक्रियेच्या बाजूने होते. रेडिएशन देणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे असे होते की, केवळ स्क्लेरोसिसवरून, म्हणजे कूर्चेतील हाड घट्ट झाल्याच्या खुणेवरून, एका माणसाचा आवाज कायमचा काढून घेता येणार नाही. ही हरकत रास्त होती.

ती का रास्त होती, हे समजण्यासाठी कूर्चेचा स्वभाव थोडा पाहावा लागतो. थायरॉइड, क्रिकॉइड आणि अॅरिटेनॉइड या कूर्चा जन्मतः मऊ असतात, पण तरुण वयापासूनच त्यांचे हळूहळू हाड बनू लागते. थायरॉइड कूर्चेत हे अस्थीभवन मागच्या आणि खालच्या कडेपासून सुरू होऊन पुढे सरकते, आणि उजव्या-डाव्या बाजूंना ते सारखे होईलच असे नसते. त्यामुळे एकाच कूर्चेत एकाच वेळी तीन प्रकारचे भाग सापडतात : दोन कवचांमध्ये चरबीयुक्त मज्जा असलेले हाड, नुसते घट्ट हाड आणि अजून मऊ राहिलेली कूर्चा. सीटीवर हाड पांढरे दिसते आणि मज्जा काळसर. पण हाड न बनलेली कूर्चा आणि कर्करोगाची गाठ या दोहोंची घनता जवळपास सारखी असल्याने त्या एकमेकींपासून वेगळ्या काढणे अनेकदा अशक्य होते. सामान्य सीटीची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. स्क्लेरोसिस, म्हणजे मज्जेची जागा पांढरी आणि घट्ट होणे, ही गाठीच्या शेजारच्या हाडाची प्रतिक्रिया असते. कधी गाठ आत शिरल्यामुळे ती उमटते, तर कधी नुसत्या जवळिकीने उद्भवलेल्या दाहामुळे.

जिनिव्हाच्या मिनर्व्हा बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काढून टाकलेल्या स्वरयंत्रांचे छेद सीटीशी ताडून पाहिले. अॅरिटेनॉइड आणि क्रिकॉइडमधील स्क्लेरोसिसची विशिष्टता अनुक्रमे ७९ आणि ७६ टक्के आढळली, आणि थायरॉइड कूर्चेत ती अवघी ४० टक्के भरली. म्हणजे गाठ न शिरलेल्या १०० थायरॉइड कूर्चा घेतल्या, तर केवळ या खुणेवर विसंबल्यास त्यांतील ६० कूर्चांवर अतिक्रमणाचा शिक्का बसेल. पहिल्या रिपोर्टने आपला निष्कर्ष नेमका याच खुणेवर उभा केला होता.

पातळ छेद

सोबत आलेल्या फिल्मवर ५ मिलिमीटर जाडीचे छेद होते. ज्या कवचाच्या शोधात आपण आहोत ते एक-दोन मिलिमीटरांचे असताना एवढे जाड छेद पाहून काहीही ठामपणे म्हणता येत नाही. रुग्णाला पुन्हा सीटीसाठी पाठवण्याआधी आम्ही त्या केंद्राला फोन केला. यंत्रात मूळ नोंदी काही दिवसच साठवलेल्या राहतात आणि नंतर पुसल्या जातात. त्या अजून शिल्लक होत्या, म्हणून १ मिलिमीटरहून पातळ छेद, हाडासाठीच्या अल्गोरिदमने आणि स्वरतंतूंना समांतर अशा पातळीत, नव्याने तयार करून मागवता आले. यासाठी रुग्णाला दुसऱ्यांदा कॉन्ट्रास्ट (प्रतिमा उठून दिसाव्यात म्हणून दिले जाणारे औषध) टोचावा लागला नाही, की एक रुपयाही खर्च आला नाही. अशी विनंती करण्याची सवय आपल्याकडे फार कमी आहे, आणि ती वाढायला हवी असे मला मनापासून वाटते.

पातळ छेदांत चित्र बदलले. थायरॉइड कूर्चेच्या डाव्या पाटीतील स्क्लेरोसिस खरेच होते. मज्जेची पोकळी जवळजवळ पूर्ण पांढरी झाली होती, पण आतले आणि बाहेरचे अशी दोन्ही कवचे सलग होती, कुठेही तुटलेली नव्हती. पुढे, अग्रसंधीच्या थोडे खाली, जिथे कूर्चेच्या दोन पाट्या कोन करून जुळतात, तिथे सुमारे ६ मिलिमीटरच्या पट्ट्यात आतले कवच दिसतच नव्हते आणि बाहेरचे कवच दातेरी झाले होते. पहिल्या रिपोर्टमध्ये "नैसर्गिक कूर्चा" म्हटलेला भाग तो हाच. हाड न बनलेल्या भागाची कड सहसा गुळगुळीत असते. इथे कडेला हाडाचे बारीक तुटक कण उरले होते, म्हणजे आधी तिथे हाड होते आणि नंतर ते झिजले, असा संशय घेण्यास जागा होती.

संशयाला शरीररचनेचाही आधार होता. स्वरतंतूंचे बंध अग्रसंधीपाशी ज्या ठिकाणी थायरॉइड कूर्चेला चिकटतात, तिथे कूर्चेवर एरवी असलेले संरक्षक आवरण नसते. त्यामुळे अग्रसंधीपर्यंत पोहोचलेली गाठ कूर्चेत शिरते तेव्हा बहुधा याच वाटेने शिरते. शिवाय हाड बनलेला भाग मऊ कूर्चेपेक्षा कर्करोगाला लवकर बळी पडतो, कारण मऊ कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि हाडात त्या असतात. साठीच्या पुरुषाच्या कूर्चेचा बराच भाग हाड बनलेला असतो, हेही इथे लक्षात घ्यावे लागले.

एमआरआय

आमच्याकडे ड्युअल-एनर्जी सीटी नव्हता. तो असता तर कॉन्ट्रास्टमधील आयोडीन कुठे पोहोचले आहे याचा वेगळा नकाशा काढता आला असता. मऊ कूर्चा आयोडीन घेत नाही आणि गाठ घेते, म्हणून या दोहोंतील गोंधळ त्या पद्धतीत बराच कमी होतो. आम्ही एमआरआयचा मार्ग घेतला.

स्वरयंत्राच्या एमआरआयमध्ये निम्मे यश तंत्रज्ञाच्या हातात असते. रुग्णाला श्वास रोखायचा नसून संथ घ्यायचा असतो, आणि एकेक मालिका चालू असताना आवंढा गिळायचा नसतो. गाठीमुळे घशात लाळ साठत असलेल्या माणसाला हे सोपे नसते. पहिली मालिका गिळण्यामुळे वाया गेली. तंत्रज्ञ ताईंनी आत जाऊन "काका, मी सांगेन तेव्हा आधी गिळून घ्या, मग तीन-चार मिनिटं नुसता सावकाश श्वास घ्या," असे समजावले आणि प्रत्येक मालिकेआधी माइकवरून आठवण दिली. पुढच्या प्रतिमा ३ मिलिमीटर जाडीत स्वच्छ मिळाल्या. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण घाईत काढलेला हललेला एमआरआय न काढण्यापेक्षाही वाईट असतो : त्यातून खोटा विश्वास निर्माण होतो.

वाचन आम्ही बेकर यांच्याच गटाने २००८ साली मांडलेल्या निकषांनुसार केले. (यापुढील टी-वन आणि टी-टू हे एमआरआय प्रतिमांचे प्रकार आहेत; त्यांचा रोगाच्या टी पायऱ्यांशी संबंध नाही.) त्याआधी कूर्चेतील टी-टू प्रतिमांवरचा वाढलेला संकेत, किंवा कॉन्ट्रास्टनंतरची कोणतीही उजळी, अतिक्रमण म्हणून धरली जात असे. नव्या निकषांत कूर्चेची तुलना शेजारच्या गाठीशीच केली जाते. कूर्चा गाठीपेक्षा अधिक उजळ असेल तर तो दाह, आणि गाठीइतकीच उजळ असेल तर अतिक्रमण, असे मानले जाते. एवढ्या फरकाने थायरॉइड कूर्चेतील विशिष्टता ५४ वरून ७५ टक्क्यांवर गेली.

डाव्या पाटीत टी-वन प्रतिमांवर मज्जेतील चरबीचा पांढरेपणा नाहीसा झाला होता, म्हणजे तिथे काहीतरी घडले होते हे निश्चित. पण टी-टू प्रतिमांवर तो भाग गाठीपेक्षा स्पष्टपणे उजळ होता, गॅडोलिनियम या एमआरआयच्या कॉन्ट्रास्टनंतर गाठीपेक्षा अधिक चमकत होता आणि पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या डिफ्यूजन प्रतिमांवर त्या हालचालीला अडथळा नव्हता. तिन्ही गोष्टी दाहाकडे बोट दाखवत होत्या. पुढच्या कोनातील जागेचे वर्तन याच्या नेमके उलट होते. टी-वनवर ती राखाडी होती, टी-टूवर आणि कॉन्ट्रास्टनंतर हुबेहूब गाठीसारखी होती, आणि डिफ्यूजनमध्ये गाठीइतकाच अडथळा दाखवत होती. हाड न बनलेली कूर्चा असती तर ती टी-टूवर काळी राहिली असती आणि तिने कॉन्ट्रास्ट घेतला नसता. शिवाय हा राखाडी पट्टा कूर्चेच्या पुढच्या बाजूने बाहेर पडून तिथल्या चरबीत सरकलेला आणि मानेच्या पुढच्या भागातील, डाव्या बाजूच्या पट्टीसारख्या स्नायूला टेकलेला दिसत होता.

७५ टक्के विशिष्टता म्हणजे न बाधलेल्या प्रत्येक चार थायरॉइड कूर्चांपैकी एकीला नवा निकषही दोषी ठरवतो. म्हणून कूर्चेच्या आतील संकेतापेक्षा कूर्चेबाहेर दिसणारा रोग हा पुरावा आम्ही अधिक वजनाचा मानला, आणि तो दुसऱ्या साधनाने पडताळून पाहिला. सोनोग्राफीत मानेच्या पुढच्या बाजूने उच्च वारंवारतेचा प्रोब ठेवल्यावर कूर्चेचे बाहेरचे कवच त्याच जागी खंडित दिसले, आणि रुग्णाने आवंढा गिळला तेव्हा वरचा स्नायू त्या ठिकाणी मोकळेपणाने सरकत नव्हता. हाड बनलेली कूर्चा ध्वनिलहरी अडवते, त्यामुळे स्वरयंत्राच्या आतले सोनोग्राफीत फारसे कळत नाही. पण पुढच्या पृष्ठभागापुरते ती स्वस्त आणि उपयोगी साधन आहे, आणि तिचा वापर व्हावा तेवढा होत नाही.

निर्णय

दुसऱ्या बैठकीत आम्ही दिलेल्या रिपोर्टमध्ये "अतिक्रमण आहे" एवढेच लिहिले नव्हते. डाव्या पाटीतील बदल दाहामुळे असण्याची शक्यता अधिक आहे आणि त्यावरून पायरी वाढवू नये. पुढच्या कोनात आतले व बाहेरचे अशी दोन्ही कवचे भेदली गेली असून गाठ स्वरयंत्राबाहेर चरबीत आली आहे, याची खात्री बरीच आहे. स्नायूत प्रवेश आहे की नाही याची खात्री नाही. क्रिकॉइड आणि दोन्ही अॅरिटेनॉइड मोकळ्या आहेत, अशी जागावार आणि खात्रीच्या प्रमाणासह मांडणी होती. पायरी टी-४एच राहिली.

मग पहिला रिपोर्ट बरोबरच होता, असे बैठकीत कोणीतरी म्हणाले. पायरीपुरते ते खरे होते, पण सर्जनला नुसत्या पायरीवर शस्त्रक्रिया करता येत नाही. रोग डाव्या पाटीतून बाहेर आल्याचे धरले असते तर लक्ष बाजूला राहिले असते. प्रत्यक्षात तो मध्यरेषेजवळून पुढे आला होता. म्हणून डाव्या बाजूचे पट्टीसारखे स्नायू, थायरॉइड ग्रंथीचा डावा भाग व मधला पूल, आणि श्वासनलिकेपुढच्या लसिका ग्रंथी यांचा विचार शस्त्रक्रियेत करावा लागला. दुसरे असे की, रेडिएशन देणाऱ्या डॉक्टरांची हरकत स्क्लेरोसिसपुरती योग्य होती, आणि पुरावा समोर आल्यावर त्यांनी ती स्वतःहून मागे घेतली. आधीच्याच रिपोर्टवर शस्त्रक्रियेचा आग्रह धरला गेला असता, तर तो मतभेद अधिकाराच्या जोरावर मिटला असता.

रुग्णाला आणि त्यांच्या मुलाला हे सांगताना प्रतिमा पडद्यावर उघडून दाखवल्या. "लाइट देऊन भागणार नाही का, डॉक्टरसाहेब?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. गाठ कूर्चा ओलांडून बाहेर आलेली जागा बोटाने दाखवली, आणि अशा रुग्णांत रेडिएशननंतर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण सांगितले. शस्त्रक्रियेनंतर श्वास गळ्यावरील छिद्रातून घ्यावा लागेल आणि आवाज जाईल, हे स्पष्ट सांगितले. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये व्हॉइस प्रोस्थेसिस बसवून बोलता येते, हेही सांगितले, आणि तसे बोलणाऱ्या एका माजी रुग्णाशी त्यांची भेट घालून दिली. संमती देण्यासाठी त्यांनी दोन दिवस मागून घेतले, आणि ते त्यांना दिले गेले.

छेदांत काय आढळले

संपूर्ण स्वरयंत्र, थायरॉइड ग्रंथीचा डावा भाग आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिका ग्रंथी काढण्यात आल्या. काढलेल्या स्वरयंत्राचे छेद घेण्याआधी त्यातील कॅल्शियम आम्लात विरघळवावे लागते आणि त्यात बरेच दिवस जातात. घाईत हा टप्पा गाळला तर हाड बनलेल्या कूर्चेचे नीट छेद पडत नाहीत, आणि प्रतिमांशी ताळा घेण्याची संधी कायमची हातची जाते. पॅथॉलॉजिस्टना आम्ही एमआरआयच्या पातळ्या दिल्या होत्या आणि त्यांनी त्याच पातळ्यांत छेद घेतले.

डाव्या पाटीत नव्याने तयार झालेले हाड, तंतुमय ऊती आणि दाहाच्या पेशी सापडल्या. कर्करोगाची एकही पेशी सापडली नाही. पुढच्या कोनात गाठ दोन्ही कवचे भेदून पुढच्या चरबीत शिरली होती. स्नायूला ती टेकली होती, पण स्नायूच्या तंतूंत गेलेली नव्हती. थायरॉइड ग्रंथी, सर्व कडा आणि लसिका ग्रंथी मोकळ्या होत्या. पुढे रुग्णाला सहा आठवड्यांत ६० ग्रे (रेडिएशन मोजण्याचे एकक) इतके रेडिएशन देण्यात आले.

स्नायूच्या बाबतीत आमच्या प्रतिमांनी रोग थोडा अधिक दाखवला होता. सोनोग्राफीत स्नायू न सरकण्याचे कारणही बहुधा भोवतालचा दाहच होता. यावरून आमच्या केंद्रात असे ठरले की, स्नायूबाबतचे विधान "टेकलेला" आणि "शिरलेला" असे स्वतंत्रपणे लिहायचे, आणि "शिरलेला" म्हणण्यासाठी स्नायूतच गाठीसारखा संकेत दिसण्याची अट ठेवायची.

या रुग्णात पुढच्या कोनातील जागा नसती आणि डाव्या पाटीतील स्क्लेरोसिस तेवढे असते, तर आम्ही टी-३ लिहिले असते आणि केमो-रेडिएशनची शिफारस झाली असती. अशा रुग्णांत उपचारापूर्वीचा चांगला एमआरआय आणखी एका कारणासाठी लागतो. रेडिएशननंतर कूर्चा सुजतात, स्क्लेरोसिस तसेच राहते किंवा वाढते, आणि क्वचित कूर्चा मृत होऊन तुटू लागते. त्या वेळी हे उपचाराचे परिणाम आहेत की उरलेला रोग, हे ठरवताना तुलनेसाठी आधीच्या प्रतिमा हाताशी असाव्या लागतात. बायोप्सीमुळे येणारी सूजही प्रतिमा बिघडवते, म्हणून शक्य तिथे सीटी आणि एमआरआय बायोप्सीच्या आधी व्हावेत, असा आग्रह आम्ही आता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे धरतो.